न वाजणारी पावलं

कप फुटला त्याचं वच्छलाला काही वाटलं नाही. कपाचं काय, बशी शाबूत होती, आणि या घरात चहा तसाही बशीतूनच प्यायची रीत. तिला वाटलं ते आशाच्या चेहऱ्याचं. आशा म्हणजे तिची धाकटी जाऊ, दिराची बायको. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि घरी एम.ए.चा अभ्यास करायची. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दुपारी घरीच होती. खिडकीपाशी पाठमोरी उभी होती आणि वच्छला मागून येऊन ‘चहा घे व आशा’ एवढंच म्हणाली. तेवढ्यानं ती अशी काही दचकली, की खिडकीतला सकाळचा कप कोपर लागून खाली गेला. एक हात छातीवर, दुसऱ्याची मूठ आवळलेली आणि ओठाच्या कडेला काहीतरी पांढुरकं लागलेलं. ‘‘वहिनी! केव्हा आलात तुम्ही?’’ ‘‘आत्ताच त आली.’’ ‘‘आवाजच येत नाही तुमचा,’’ आशा म्हणाली आणि हसायला गेली, पण तिला धाप लागली होती. वच्छला खाली बसून तुकडे गोळा करू लागली. त्यांत पाटीवरच्या पेन्सिलीचा एक कुरतडलेला तुकडाही होता. तो तिनं कपाच्या तुकड्यांबरोबर उचलला. आवाज कशाचा येणार, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे त्याच्या पुढचं सगळं बोलावं लागलं असतं, आणि ते या घरात कोणी बोलत नव्हतं.

अमरावतीला राजापेठेतलं हे भाड्याचं घर म्हणजे रांगेनं तीन खोल्या, मागं न्हाणी, आणि खाली सगळीकडे शहाबादी फरशी. फरशीवर सगळं वाजायचं. गोवर्धन, तिचा दीर, जिल्हा परिषदेतून परत आला की आधी चपला टाकल्याचा आवाज, मग दारातलं खाकरणं. घरात वहिनी आहे, तेव्हा खाकरूनच आत यायचं, हे त्याला लहानपणी लागलेलं वळण. आशाची जोडवी तर दिवसभर बोलत असायची. चुलीपुढे बसल्या बसल्या वच्छलाला कळायचं, आशा आता कपाटापाशी गेली, आता आरशापुढे थांबली, आता दारापर्यंत येऊन मागं फिरली. हे ऐकणं तिनं ठरवून चालवलेलं नव्हतं. डोळे मिटता येतात, कान कसे मिटायचे? दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिच्याही पायांत जोडवी होती. माहेरच्या, मोर्शीच्या सोनारानं घडवलेली, चांगली जड. अकोल्याला नवरा तापानं गेला, खुशालराव नाव होतं, ते नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडानं कधी घेतलंच नाही. तो गेला तेव्हा बायकांनी तिला न्हाणीत नेलं, बांगड्या फोडल्या, जोडवी काढली. बोटं सुजली होती, जोडवी निघेनात, तर कोणीतरी साबण लावला. ती रडली ती बांगड्यांच्या वेळी. जोडव्यांकडे तिचं लक्षही नव्हतं. नंतर न्हाणीतून उठून ती आपल्या खोलीकडे निघाली आणि मधेच थांबली, कारण तिला वाटलं आपण चालतच नाही आहोत. पाय पडत होते, घर मागं सरकत होतं, पण चालण्याचा आवाज नव्हता. बत्तीस वर्षांच्या बाईला असं वाटावं हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिनं सांगितलं नाही.

कप फुटला त्याच दिवशी दिवेलागणीला ती देवापुढे दिवा लावून, काडेपेटी हातात घेऊन, मधल्या खोलीतून परत येत होती. आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. ‘‘मी विचार करून शब्द वापरतेय,’’ आशा म्हणत होती. ‘‘त्या स्नूप करतात.’’ ‘‘म्हंजे?’’ गोवर्धननं विचारलं. ‘‘चोरून पाहत फिरतात. पाळत ठेवतात माझ्यावर. मुद्दाम पाऊल न वाजवता येतात. मी काय करते, काय खाते, तुमच्याशी काय बोलते. मला जीव मुठीत धरून राहावं लागतं हो या घरात.’’ ‘‘हळू बोल न जरा.’’ ‘‘हळू बोलून काय उपयोग? त्या आत्तासुद्धा दाराआड उभ्या असतील.’’ आणि वच्छला दाराआड उभी होती. पुढे जावं तर दारावरून जावं लागणार, मागं फिरावं तर देवघराची भिंत. तिनं काही केलं तरी आवाज होणार नव्हता, आणि हीच तर सगळी अडचण होती. हातातली काडेपेटी तरी खाली टाकावी, असं तिला वाटलं. पण काडेपेटी पडून कितीसा आवाज होणार, आणि झाला असता तरी आशाचंच म्हणणं खरं झालं असतं.

खाकरायचं तर खाकरायचं, असं तिनं मागं एकदा करूनही पाहिलं होतं. आशा नवीन होती तेव्हाची गोष्ट. दोघं आत हसत होती आणि वच्छलाला तिथून पाण्याचा हंडा न्यायचा होता, तेव्हा ती दारापाशी दोनदा खोकली. आशा लगबगीनं बाहेर आली आणि म्हणाली, बरं नाही का वहिनी तुम्हाला? संध्याकाळी गोवर्धननं खोकल्याच्या औषधाची बाटली आणली, आणि ती अख्खी बाटली, कडू जहर, वच्छलाला संपवावी लागली. पुरुषानं खाकरलं की घर सावध होतं. बाईनं खाकरलं की घर औषध आणतं. गुणगुणावं म्हटलं तर विधवेनं गुणगुणत दिराच्या खोलीवरून जावं हे काय बरं दिसलं असतं? मग राहिलं काय? काही नाही. तिनं तो विषय सोडून दिला होता आणि आपल्या पायांना काही आवाज नाही हे जवळपास विसरूनही गेली होती. आज त्याला नाव मिळालं.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं आपल्यालाच विचारलं, की आपण खरंच पाहतो का? खोटं कशाला बोला, एकदा पाहिलं होतं. दिवाळीच्या आधी आशा न्हाऊन केस पुसत होती आणि गोवर्धन तिच्या मागं उभा राहून केसातला गुंता काढत होता, पुरुषासारखा पुरुष, दातांत फणी धरून. वच्छला हातात तांब्या घेऊन दारात आली आणि तिचे पाय थांबले. तिनं थांबवले नव्हते. तिला त्या दोघांचा राग आला नव्हता, हेवाही नाही. तिला फक्त एवढं आठवलं की आपल्याला कोणी असं हात लावून किती काळ झाला, आणि ते इतकं जोरात आठवलं की तांब्यातलं पाणी पायावर सांडलं. मग ती मागं फिरली. याला स्नूप म्हणतात का, हे तिला ठाऊक नव्हतं. इंग्रजी ती चार यत्ता शिकली होती. त्यांत हा शब्द आला नव्हता.

अर्थ खरं तर तिला दाराआडच कळला होता. तरी रविवारी सकाळी तुरीची डाळ निवडताना तिनं समोर बसलेल्या आशाला विचारलं, ‘‘आशा, स्नूप म्हंजे काय व?’’ तिला वाटलं होतं, आशा एकदाची तोंडावर बोलेल. बोलू दे, भांडू दे. तोंडावर बोललेल्या गोष्टीला उत्तर तरी देता येतं. आशाच्या हातातली डाळ ताटात पडली. मान वर न करता ती म्हणाली, ‘‘पाहावं लागेल,’’ आणि उठून आत गेली, जोडवी भराभरा वाजत गेली, आणि तो जाडजूड इंग्रजी कोश घेऊन आली. पानं उलटायला तिनं फार वेळ लावला. ‘‘हा मूळचा डच शब्द आहे, वहिनी. हॉलंडमधला. तिथं त्याचा अर्थ... चोरून खाणं. गोडधोड चोरून खाणं.’’ ‘‘खाणं?’’ ‘‘हो. मग तिथले लोक अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर शब्दही गेला, आणि...’’ ‘‘अन् काय?’’ ‘‘आणि तिकडे अर्थ जरा बदलला,’’ असं म्हणून आशानं कोश मिटला. त्या मिटलेल्या पुस्तकाकडे पाहताना वच्छलाला तिची दया आली. मास्तरीण असून पोरीला धड खोटं बोलता येत नव्हतं. तिला धीर वाटावा म्हणून वच्छला हसत म्हणाली, ‘‘चोरून खाणाऱ्यावर कोनाची नजर गेली असन. खाणारा राह्यला बाजूले, अन् शब्द पाहणाऱ्याच्या गळ्यात पडला असन बिचाऱ्याच्या.’’ बोलून गेल्यावर तिला पेन्सिलीचा तुकडा आठवला. पण तोवर आशाचा चेहरा पांढराफटक पडला होता. आशानं कोश छातीशी धरला आणि ती आत निघून गेली. वच्छलाला स्वतःच्या जिभेला चटका द्यावासा वाटला. जिथं गप्प बसायचं तिथं वाजते, आणि जिथं वाजायचं तिथं पाय गप्प.

चोरून गोड खाणं. हॉलंड का कुठं तिथल्या माणसांनी त्यासाठी वेगळा शब्दच करून ठेवला होता, याचं तिला डाळ निवडून झाली तरी नवल वाटत राहिलं. तिथंही कोठीची खोली असेल, तिथंही नवी सून असेल. अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, गल्लीच्या तोंडाशी तिचं सासर होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरे, नत्थुजी, होते. आणि सासूची, केशरबाईंची जोडवी एवढी वाजायची की माडीवर असताना कळायचं, आत्याबाई अंगणात आल्या. सुनेला ते सोयीचंच होतं. आवाज आला की डोक्यावर पदर घ्यायचा, हातात काहीतरी काम घ्यायचं. मग सासरे गेले, आणि आवाज गेला. वच्छलाच्या तेव्हा ते ध्यानातच आलं नाही. सासूच्या पायांकडे कोणती सून बघते? तिच्या ध्यानात एवढंच आलं, की आत्याबाई आता केव्हाही, कुठेही, पाठीशी उभ्या असतात. पाणी भरताना मागं वळावं तर त्या. नवऱ्याशी दोन शब्द बोलून वळावं तर दारात त्या. पांढरं लुगडं, बोडका हात आणि डोळे. ‘‘तुमची माय पाळत ठेवून राह्यली माह्यावर,’’ तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘‘मायले दुसरं काय काम आहे आता?’’ आणि दोघं हसली होती. हसण्याचा तो आवाज या इथं, राजापेठेत, डाळीच्या ताटापाशी तिला पुन्हा ऐकू आला.

सासरे गेले त्या वर्षी वच्छलाला दिवस राहिले. पाचवा महिना असताना तिला गुळाचे डोहाळे लागले, असे की झोपेत गुळाचा वास यायचा. मागायची लाज. दुपारी सगळं सामसूम झाल्यावर ती कोठीत शिरली. भिंतीतल्या फडताळात गूळ असायचा, खोबरं असायचं. फडताळासमोर उकिडवी बसून ती गुळाचे खडे तोंडात टाकत होती, आणि एकदम अंधार आल्यासारखं वाटलं म्हणून तिनं वळून पाहिलं, तर दारात केशरबाई. गूळ घशात अडकला. पोटात काहीतरी गर्रकन फिरलं. केशरबाई म्हणाल्या, ‘‘अशी उकिडवी काहून बसली व? पाटावर बसून खाजो.’’ एवढंच. पण वच्छलाला त्यात टोमणाच ऐकू आला. पाटावर बसून खा, जेवणावळीला आल्यासारखी! ती पदरानं तोंड पुसत पळाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचं पोट दुखायला लागलं आणि सगळं संपलं. मुलगा होता. सुईण पंचफुला हात धुताना अंगणात म्हणाली, ‘‘पोरगी कायले तरी दचकली असन. दचकल्यानं सुटते कधी कधी पोटातलं.’’ वच्छलानं खाटेवरूनच मान वळवून सासूकडे पाहिलं. ते पाहणं शिवी दिल्यासारखंच होतं. केशरबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पुन्हा वच्छलाला दिवस राहिले नाहीत.

ती उठून घरात वावरायला लागली तेव्हा केशरबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा मोठा जुडगा आलेला होता. चांदीच्या छल्ल्याला अडकवलेल्या, लहान मोठ्या, लोखंडी, पितळी, नुसता खणखणाट. चालल्या की घर दुमदुमायचं. सुनेनं गूळ खाल्ला म्हणून सासूनं फडताळाला कुलूप ठोकलं, हे वच्छलानं त्याच क्षणी ओळखलं, आणि पुढची सहा वर्षं ती ते धरून बसली. ओळखायला कसली अक्कल लागते? फडताळाला अंगचं कुलूप होतं. लागलंय की नाही हे ओढून पाहिल्याशिवाय कळलं नसतं, आणि ओढून पाहील ती वच्छला कसली. काही लागलं तर ती सरळ म्हणायची, ‘‘आत्याबाई, गूळ काढून द्या,’’ आणि त्या मुकाट काढून द्यायच्या. कोठीत फडताळासमोर त्यांनी एक पाटही मांडून ठेवला होता. पहारा द्यायची बैठक, असं वच्छला शेजारच्या बेबीताईला हसून सांगायची. एकदा ती चुलीपाशी बसली होती आणि केशरबाई किल्ल्या खणखणवत आल्या, उंबऱ्यात थांबल्या आणि विचारलं, ‘‘ऐकू येते न व तुले? माह्यं येनं?’’ वच्छला मनात म्हणाली, येतं न, बहिरी थोडीच आहे मी, केवढा तोरा! तोंडानं ती म्हणाली, ‘‘हाव.’’ ‘‘दुरून येते न?’’ ‘‘हाव म्हटलं न, आत्याबाई.’’ केशरबाई मान हलवून निघून गेल्या. त्यांचा चेहरा तेव्हा कसा होता हे आठवायला वच्छलानं आता डोळे मिटले. पण चेहरा दिसेना. तिनं तेव्हा वर पाहिलंच नव्हतं.

रविवारी रात्रीच्या जेवणाला गोवर्धननं तो विषय काढला. काढताना त्यानं भाकरीचा एवढासा तुकडा मोडला आणि तो कितीतरी वेळ वरणात बुडवत राहिला. ‘‘वहिनी, मोर्शीले तुमी लय दिवसांत गेल्या नाई. पंजाबरावदादाचा संत्र्याचा बगीचा फुल भरला म्हणतात औंदा. चार दिवस जाऊन येता काय?’’ ‘‘चार दिवस?’’ ‘‘चार दिवस... म्हंजे पाह्यजे तेवढे राहा न.’’ आशा ताटाकडे बघत होती. वच्छलाला या पोराचं लहानपण आठवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत जायचा आणि खाकरून आत यायला शिकत होता. घसा बसेपर्यंत खाकरायचा. ‘‘जाईन न,’’ ती म्हणाली. तिचा भाऊ पंजाबराव वाईट नव्हता, भावजय माणिकबाईही वाईट नव्हती. नवरा गेल्यावर ती काही महिने तिथं राहिली होती. कोणी जा म्हटलं नव्हतं. पण ती स्वयंपाकघरात आली की माणिकबाईचं शेजारणीशी चाललेलं बोलणं थांबायचं, आणि ती बाहेर गेली की पुन्हा सुरू व्हायचं. मग गोवर्धन न्यायला आला, त्याचं लग्न व्हायचं होतं, घर सांभाळायला माणूस हवं होतं. आता घराला माणूस मिळालं होतं. मोर्शीहून परत आणायला आता कोणी येणार नाही, हे तिला गोवर्धनच्या हातातल्या त्या भिजलेल्या तुकड्यावरूनच कळलं. तिला जायचं नव्हतं. या घरातलं लेकरू तिला मांडीवर घ्यायचं होतं. हे तिनं आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं, आणि केल्याबरोबर तिला पेन्सिलीचा तो तुकडा आठवला, ओठावरची ती पांढरी भुकटी, आणि छातीवर हात ठेवून दचकलेली आशा. पाटीची पेन्सिल बाई डोहाळ्यांतच खाते. या पोरीला दिवस गेले आहेत. गोवर्धनला अजून ठाऊक नाही. आणि मी तिला मागून जाऊन दचकवलं.

सोमवारी आशा शाळेत गेल्यावर तिनं पलंगाखालची ट्रंक ओढली. मोर्शीला न्यायची लुगडी काढायची म्हणून खालपर्यंत हात घातला, तर बुडाशी फडक्यात बांधलेली स्वतःची जोडवी लागली, आणि त्याखाली तो जुडगा. केशरबाई गेल्या तेव्हा तिनं आणि नवऱ्यानं मिळून त्या किल्ल्या घरभर लावून पाहिल्या होत्या. पुढच्या दाराची एक लागली, एक त्यांच्या पेटीची. बाकीच्या कशालाच लागेनात. विकलेल्या गोठ्याच्या, मोडून गेलेल्या कुलपांच्या, कुठून कुठून गोळा केलेल्या. फडताळ तर नुसतं ओढल्याबरोबर उघडलं होतं. त्याचं कुलूप कधीपासून मोडलं होतं कोण जाणे. आत गुळाची ढेप होती. ‘‘बुढीले हौसच लय होती मालकिणीची,’’ नवरा म्हणाला होता, आणि मोडीत काय येणार म्हणून जुडगा ट्रंकेत पडला. आता तिनं तो उचलला आणि तो वाजला. रिकाम्या घरात, फरशीवर, तो आवाज झाला आणि तिनं सवयीनं डोक्यावर पदर घेतला. पदर घेतला आणि हात तिथंच राहिला. ऐकू येते न व तुले? माह्यं येनं? दुरून येते न? वच्छला ट्रंकेपाशी खाली बसली. पंचफुला सुईण अंगणात बोलली होती ते एकट्या वच्छलानं ऐकलं नव्हतं. केशरबाईंनीही ऐकलं होतं. त्यांच्या पायांत काही उरलं नव्हतं, हातांत काही उरलं नव्हतं, आणि विधवेला पुन्हा जोडवी कोण घालू देणार? म्हणून त्यांनी गावभरच्या मेलेल्या किल्ल्या गोळा केल्या. सून पुन्हा दचकू नये म्हणून. पुन्हा दिवस राहतील, तेव्हा दचकू नये म्हणून. सहा वर्षं ते ओझं कमरेला बांधून त्या फिरल्या, आणि कोठीतला पाट सुनेसाठी मांडून ठेवला. त्यांनी एकदाही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? तुझा सासरा मेला म्हणून माझी पावलं वाजत नाहीत, हे कोणत्या सासूनं कोणत्या सुनेला कसं सांगायचं? ‘‘आत्याबाई,’’ वच्छला मोठ्यानं म्हणाली, ‘‘येते व माय, ऐकू येते.’’ आणि मग ती रडली, नवरा गेला तेव्हा रडली नव्हती इतकी, नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घरात कोणी नव्हतं म्हणून मोठ्यानं रडता आलं.

आशाला सगळं सांगावं, असं तिनं दुपारभर मनाशी घोळवलं. पण वाक्य कुठून सुरू करायचं हे तिला सापडेना. जोडव्यांपासून सुरू करावं तर सवाशीण आशा समोर बसून वच्छलाचं वैधव्य ऐकणार, आणि तेही अशा दिवसांत. गुळापासून सुरू करावं तर गेलेलं लेकरू मधे येणार. पोटुशा बाईसमोर ते तर कोणीच काढत नाही. केशरबाई का गप्प राहिल्या हे तिला आत्ता कळत होतं, आणि कळूनही दुसरा मार्ग काही दिसत नव्हता. संध्याकाळी गोवर्धन खाकरून घरात आला, आशाची जोडवी आतल्या खोलीत गेली. वच्छलानं तोंड धुतलं. वाटीत गूळ आणि खोबऱ्याचे काप घेतले. स्वयंपाकघरातला पाट काखेत धरला. आणि छल्ला कमरेला खोचला.

मधल्या खोलीत पाऊल टाकलं तशा किल्ल्या बोलायला लागल्या. केवढा आवाज! तिला संकोचच वाटला, आणि त्याखाली थोडं बरंही वाटलं. दोन वर्षांनी ती चालत होती. आतून आशाचं बोलणं आलं. ‘‘ऐकलंत? आता कमरेला किल्ल्या लावल्या. मोर्शीचं नाव काढलंत ना काल, म्हणून. घर कोणाचं आहे ते दाखवतात मला.’’ गोवर्धन हसला. ‘‘अवं, माय बी असाच जुडगा लावून फिरे. तवा याच वहिनी तिले नावं ठेवत होत्या.’’ वच्छला थांबली. ती थांबली तशा किल्ल्याही थांबल्या, आणि क्षणभर ती पुन्हा दाराआडची, आवाज नसलेली बाई झाली. आत आता पुढचं बोलणं सुरू होणार होतं. ते तिला ऐकायचं नव्हतं. पाट काखेत आवळून तिनं मोकळ्या बोटांनी जुडगा धरला आणि खळखळून हलवला, पुन्हा हलवला. आतलं बोलणं बंद पडलं. मग तिनं दार लोटलं.

आशा पलंगाच्या कडेवर बसली होती. तिनं आधी किल्ल्यांकडे पाहिलं आणि मग वाटीकडे. वच्छलानं फरशीवर पाट मांडला, वाटी पुढे केली. ‘‘पाटावर बसून खाजो व,’’ ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटला. आशाचे ओठ घट्ट मिटले. ‘‘ठेवा तिथं खिडकीत,’’ ती म्हणाली. ‘‘उगीच कशाला त्रास घेतलात, वहिनी.’’ वच्छलानं वाटी खिडकीत ठेवली. आशाचे दोन्ही हात मांडीवर मोकळे पडलेले होते. श्वास सावकाश चालला होता, चेहऱ्यावर राग होता, नुसता राग. ती दचकली नव्हती. वच्छलानं ते नीट पाहून घेतलं, आणि किल्ल्या वाजवत ट्रंक भरायला गेली.